वरणातली चिमूट

माझ्या नणंदेला, विजयाताईंना, सगळं कळतं. अडतीस वर्षं दिल्लीत काढली की डॉक्टरकीची पदवी आपोआप मिळत असावी. त्या रविवारी त्या गुरुग्रामला आमच्याकडे जेवायला आल्या आणि माझ्या नऊ वर्षांच्या कृतिकाच्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "पाच महिने गहू बंद, तरी पोट दुखतं? आधी रोज तीन पोळ्या खायची, तेव्हा तर बिल्कुल बरी होती. लाड आहेत, वृंदा, दुसरं काही नाही."

बरी होती! हिमोग्लोबिन सातवर आलं होतं, शाळेचा स्कर्ट कमरेवर ठरत नव्हता, याला बरं म्हणतात? तिला सीलिॲक आहे. गव्हाचा कणही चालत नाही, आणि एकदा सोडल्यावर तो चुकून पोटात गेला तर आधीपेक्षा जास्त त्रास होऊ शकतो, हे डॉक्टरांचं बोलणं मी ताईंना तीनदा समजावलं होतं. कणकेचा डबा मी घरातून हद्दपार केला होता. तवा नवा, पोळपाट नवा, रोज भाकरी. मग दुखतंच कसं?

याचं मला एकच उत्तर सुचत होतं. ही शाळेत कुणाचं तरी सँडविच खात असणार. मी ताईंसमोरच तिला फैलावर घेतलं.

"मैंने नहीं खाया, आई, सच्ची! डब्यातल्या लोणी-भाकरीने काही होत नाही. घरी जेवल्यावरच दुखतं. तुझ्या वरणाने."

"वरणाने?" मी उसळले. आजाऱ्याला आपण वरण-भातच देतो ना? "खोटं बोलतेस, वर माझ्या वरणाला नावं ठेवतेस? संपव ते."

तिने संपवलं. ताई समाधानाने हसल्या. तासाभरात पोर पोट धरून पलंगावर आडवी झाली, आणि तरीही मला तिचाच राग येत होता.

मंगळवारी हिंग संपला. फोनवर नवा मागवताना आमच्या नेहमीच्या डबीच्या मागच्या बाजूचा फोटो उघडला. गव्हाचं पीठ, गोंद, हिंग. मी कचऱ्यातून रिकामी डबी काढली. तिच्यावरही तेच. बिस्किटांचे पुडे मी दुकानात उभी राहून अक्षर अन् अक्षर वाचत होते, आणि ही डबी लग्नापासून वापरतेय म्हणून कधी उलटी करून पाहिली नाही. दोन्ही वेळच्या फोडणीत चिमूटभर, माझ्याच हाताने. स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं.

कृतिका शाळेतून आली तेव्हा डबी तिच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली.

"मतलब मी खोटं नव्हते बोलत?"

"नाही गं. माझंच चुकलं."

"मग आत्याला पण सांग. तिच्यासमोर ओरडली होतीस."

मी विजयाताईंना फोन लावला. रिंग वाजत होती.

"आई," कृतिका म्हणाली, "स्पीकरवर ठेव."