मधखाऊ

"कुणाला खरं नाय वाटायचं बाई, पण आमच्या टोकावड्यात अस्वलाचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती," महिपतने सुरुवात केली आणि नम्रताने चमकून बापाकडे पाहिलं.

बाई तिच्या विद्यापीठातल्या. जनावरांची गावाकडची नावं गोळा करायला सकाळच्या एसटीने आल्या होत्या. या कामात नम्रताला घ्यायचं की नाही, ते आज ठरणार होतं. ओटीवर टेप फिरत होता.

"मग काय म्हणायचे?"

"मधखाऊ."

नम्रताने मान खाली घातली. सकाळी भाकरी खाताना तिनेच बापाला सांगितलं होतं. रशियन, पोलिश अशा भाषांची एक जुनी आई होती. ती बोलणारी माणसं भीतीपोटी अस्वलाला 'मेदवेदि' म्हणत, म्हणजे मध खाणारा. खरं नाव कुणी घेईना, ते हरवलं. आणि 'मेदवेदि' तरी कुणी ऐकलाय? लेक-भाषांवरून तो शब्द अंदाजाने बांधलेला, म्हणून लिहिताना त्याच्या आधी ताऱ्याची खूण लावतात. बाप तेव्हा लसणाची चटणी मागत होता. तिला वाटलं, ऐकतोय कुठे.

"महिपत, आमी तर अस्वलच म्हनतो रे," कडेला बसलेला शेजारी धाऊ म्हणाला.

"तू काल आलास गावात."

"काल? माझा नातू शाळंत जातो."

बाई हसल्या, पण पेन थांबलं नाही. महिपतने लेकीकडे पाहून डोळा मिचकावला. बघ, तुझं काम केलं. नम्रताला ओटीवरून उठून जावंसं वाटलं. लाज बापाची, आणि आपल्याच बापाची लाज वाटते याचीही.

"माझा आजा रानात हात जोडायचा. म्हनायचा, मधखाऊ आजोबा, तुमचं चालू द्या. अस्वल पन मान डोलवायचं." त्याला आता चांगलाच रंग चढला. "आनि बाई, याच्यावर तो तारा नका लावू. तारा न ऐकलेल्याला. हा मी या कानांनी ऐकलाय."

बाईंचं पेन थांबलं.

"ताऱ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

महिपत धाऊकडे बघू लागला. बाई नम्रताकडे.

"टेप बंद करा, बाई," ती म्हणाली. "बाबांनी मधखाऊ आज सकाळी ऐकलाय. माझ्याकडून."