लग्नवाल्यांचा शर्ट

फुटबॉल सोडून दीड वर्ष झालं, तरी एलॉय बारेदाच्या पायाची भिंगरी काही सुटली नव्हती. जेवताना तीनदा उठायचा. पहाटे गच्चीवरच्या कुंड्या इकडून तिकडे हलवायचा आणि दुपारी त्याच परत जागेवर. सतरा वर्षं मैदानाच्या मधोमध धावलेला गडी, त्याला खुर्चीत बसवणार कोण? बायकोनं, निएवेसनं, वर्षभर सोसलं बिचारीनं. मग एप्रिलात आखातातल्या एका क्लबाचं बोलावणं आलं, आणखी दोन वर्षं खेळायला या म्हणून, आणि या शहाण्यानं तिला न विचारताच 'कळवतो' सांगून टाकलं. ती बॅग भरून निघाली ती थेट माहेरी, फुएन्तेसेकाला.

"जा नाहीतर राहा," दारातून एवढंच म्हणाली, "पण माझ्यासमोर येरझाऱ्या घालू नकोस."

आता ऑगस्ट होता, सान रोकेच्या जत्रेचा दिवस. क्लबाचा दलाल इबार्रा साडेसहाला फोन करून हो की नाही ते शेवटचं विचारणार होता. आणि एलॉय सासुरवाडीच्या धुळकट मैदानावर हात चोळत उभा होता. कारण जत्रेत पाच वाजता सामना असतो, सडेफटिंग विरुद्ध लग्नवाले. लग्नवाल्यांचा शर्ट पांढरा. तो ज्याचा त्यानं आणायचा नाही. बायकोनं इस्त्री करून आणायचा आणि सगळ्या गावादेखत नवऱ्याच्या हातात द्यायचा. शर्ट नाही तर जागा नाही. एका साली टपालवाल्याची बायको रिकाम्या हातानं आली, तर काडीमोडाची बातमी वकिलाआधी गावाला कळली होती.

बायका येत होत्या, शर्ट देत होत्या. निएवेसचा पत्ता नव्हता.

"ये की रे आमच्यात!" सडेफटिंगांचा कप्तान कोस्मे ओरडला. गावातला दारूचा गुत्ता त्याचाच. "एकसष्ट वर्षांचा झालो, आजवर मला कुणी शर्ट आणला नाही. काय अडलं माझं?"

"गप रे कोस्मे!" निएवेसचा धाकटा भाऊ फर्मीन उखडला. "दाजींच्या काडीमोडाच्या कागदांवर अजून सह्या झालेल्या नाहीत."

"मग कागदच अंगात घालून खेळू दे!"

सगळं मैदान हसलं. एलॉयही हसला, पण नजर रस्त्याकडेच होती. ऐंशी हजार लोकांसमोर पेनल्टी मारताना तो कधी घाबरला नव्हता. आज घाबरला होता.

पाचला दोन मिनिटं असताना निएवेस आली. काखेत पांढरी घडी.

एलॉय धावतच गेला. तिनं घडी पुढे केली, पण सोडली नाही.

"एक अट. बाकावर बसायचं. शेवटपर्यंत, माझ्या शेजारी."

"खेळायचं नाही?"

"सतरा वर्षं मी बसले. बसणं काय असतं, ते बघ की एकदा."

"ताई, अगं काय हे!" फर्मीननं कपाळावर हात मारला. "अख्ख्या संघात एकच खेळाडू, आणि तोही बाकावर?"

पण एलॉयनं शर्ट घातला आणि बसला. बसला म्हणायचं आपलं! गुडघा सारखा नाचत होता, बाक खडखडत होता. निएवेसनं सूर्यफुलाच्या बियांची पुडी पुढे केली.

"फोड. यावर सतरा वर्षं काढलीत मी."

त्यानं बिया फोडल्या, टरफलं थुंकली, पुन्हा मैदानाकडे पाहिलं. हा पास चुकला, तो माणूस मोकळा सुटला, अरे डावीकडे बघ, गाढवा! जीव नुसता तळमळत होता. उत्तरार्धात लग्नवाले तीन-दोननं मागे होते आणि तेवढ्यात फर्मीनचा घोटा मुरगळला. गाव एका सुरात ओरडायला लागलं, "एलॉय! एलॉय!"

तो कधी उठला ते त्यालाही कळलं नाही. पाय रेषेवर होते. आणि मैदानात शिरण्याआधी त्यानं जन्मभराच्या सवयीनं मान वळवून मागे पाहिलं. मधल्या फळीचा खेळाडू चेंडू घेण्याआधी बघतोच, मागून कोण येतंय ते.

मागून कुणी येत नव्हतं. बाकावर निएवेस बसली होती. ती रागावली नव्हती, अडवतही नव्हती. सामन्याकडे तिचं लक्षच नव्हतं. ती फक्त त्याच्याकडे बघत होती. म्हणजे दर रविवारी ती अशीच बघत होती! आणि आपण हजारदा मान वळवली, ती फक्त मागून धावून येणाऱ्या माणसासाठी. एलॉयला स्वतःची लाज वाटली. तो परत फिरला.

"बायकोचा बैल!" कुणीतरी ओरडलं.

"आहे!" एलॉय ओरडला आणि धपकन बसला.

कोस्मेनं चौथा गोल केला, तोही ढोपरानं. "आता या थेरड्याला रात्री कोकराचं मटण वाढायचं आम्ही!" फर्मीन जमिनीवरूनच करवादला. हरलेल्यांनी वाढायचं, अशी रीत.

फोन वाजला. एलॉयनं निएवेसकडे पाहिलं.

"उचल," ती म्हणाली. आवाज साधाच होता, पण पुडी तिच्या मुठीत चुरगळली होती.

"इबार्रा, जमायचं नाही. माझी जागा दुसरीकडे पक्की झालीय."

"कुठल्या क्लबात?"

"फुएन्तेसेकाचे लग्नवाले."

"खेळवतात तरी का तुला?"

"नाही," एलॉय म्हणाला. "बाकावर असतो."

फोन ठेवल्यावर निएवेसनं हात पुढे केला.

"काढ तो शर्ट."

त्यानं निमूट काढून दिला. तिनं कॉलर हुंगली, बाही झटकली आणि इस्त्रीच्या घडीवर घडी बसवत म्हणाली, "घामाचा थेंब नाही. धुवायला नको. पुढच्या वर्षी हाच आणीन."