हार्टलीचा जुना जोड

पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पोकळ चौकोनी दांड्याला तडा गेला होता, आणि तोही नेमका हार्टलीने पूर्वी वेल्डिंग केलेल्या जुन्या जोडाला धरून. हार्टलीने गुडघे टेकून त्यावरून अंगठा फिरवला. त्याचे हात आता कापत, म्हणून वेल्डिंग त्याने सोडून दिलं होतं. मुलगा नील उत्तरेला खाणीवर पाळीला गेला होता. घरी होती ती सून दानित्सा, घरातल्यांची डॅनी. पोर्ट लिंकन बंदरातल्या मच्छीमाराची मुलगी, बोटी दुरुस्त करणाऱ्या मामाच्या हाताखाली वाढलेली.

"पॉप, वरून नुसता थर चढवून भागायचं नाही," ती सासऱ्याला म्हणाली. "जुनं सगळं कोरून काढावं लागेल."

"म्हणजे माझा जोड कच्चा होता म्हण की."

"तसं कुठे म्हणाले मी? तडा खालून वर आलाय. झाकला तर पुन्हा येईल, आणि तेव्हा यंत्र भर रस्त्यात असेल."

हार्टलीने तिच्या वेल्डिंग मशीनकडे पाहिलं. "ते बुटाच्या खोक्याएवढं मशीन कोरणार?"

"सगळ्यात बारीक कार्बनची कांडी लावली तर कोरेल. थोडं कोरायचं, मग मशीनला दम खाऊ द्यायचा. जाड कांडी लावली तर ते स्वतःच जळेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. शेडमध्ये बियाण्याची पोती आणि भुसा, म्हणून त्यांनी यंत्र पाण्याच्या टाकीजवळच्या उघड्या खडीवर ओढून आणलं. दानित्साने भोवतीची जमीन भिजवली आणि ठिणग्या ज्या बाजूला उडणार तिथे पत्रा उभा केला. हार्टली नायलॉनचं जाकीट घालून आला, तशी तिने त्याला परत घरात पाठवलं.

"लोकरीचा स्वेटर घाला. हे अंगाला वितळून चिकटेल."

"बायको होती तेव्हा ती कपडे ठरवायची. आता तू," पुटपुटत तो गेला आणि कोपरावर भोक पडलेला स्वेटर घालून आला.

दानित्साने ड्रिल उचललं.

"हे कशाला?"

"दांडा दोन्हीकडून बंद आहे. आत काय आहे कोण जाणे. कोरण्याआधी वाट करून देते."

"अगं, गेली पन्नास वर्षं मी असले दांडे जोडतोय. एकाला भोक पाडलं नाही."

"मग हे पहिलं," ती म्हणाली आणि दांड्याच्या उताराकडच्या टोकाला भोक पाडू लागली.

ड्रिल आरपार गेलं. ती ते बाहेर काढते तोच भोकातून तांबूस पाणी येऊ लागलं. आधी बारीक धार, मग चांगली जाड. खडीवर गंजाचं थारोळं साचलं. कोरताना ते पाणी आतल्या आत उकळलं असतं, वाफेला वाट मिळाली नसती, आणि दांड्यावर वाकलेली बाई कुठे असती, हे हार्टलीला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने खाली बसून भोकात तार घातली आणि धार पूर्ण थांबेपर्यंत ती हलवत राहिला.

"आणखी एक पाड," तो म्हणाला. "वरच्या बाजूला. हवा खेळू दे."

तिने पाडलं. मग कानात बोळे, वरून कानझाकण्या, चामड्याचा एप्रन, सर्वांत गडद काचेचा मुखवटा. हार्टलीला तिने पत्र्याच्या मागे पाण्याचा पाइप धरून बसवलं आणि ठिणगीकडे बघायचं नाही म्हणून बजावलं. आधी कॉम्प्रेसरच्या हवेचा झोत सोडला, मग कांडी टेकवली. फाडणारा आवाज झाला, कांडीने वितळलेलं लोखंड झोताने उडून पत्र्यावर सडसडलं. बोटभर कोरून ती थांबली. मशीन गार व्हावं म्हणून त्याचा पंखा तसाच फिरू दिला. कॉम्प्रेसरही लहानच, हवेचा दाब चढेपर्यंत तिने पुन्हा कांडी उचलली नाही.

असं करत करत चर पूर्ण झाली. तिने ती ग्राइंडरने चकचकीत घासली, काळेपणाचा ठिपकाही ठेवला नाही, आणि हार्टलीला हाक मारली.

"बघा. तुमच्या जोडात कुठे पोकळी नाही. दांडाच आतून गंजून पातळ झालाय, तडा तिथून सुरू झाला."

त्याने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. "पाण्याने खाल्लं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा मोकळा झाला. "मग जोडून झाल्यावर वरून पट्टी मार. दोन्ही बाजूंनी."

"तेच करणार होते."

"माहीत आहे. तरी सांगतो."

दुपारी काम संपलं. दानित्सा हात धुऊन आली तरी हार्टली उलट्या बादलीवर पाइप घेऊन बसलाच होता. कुठे ठिणगी धुमसत नाही ना, म्हणून खडीपलीकडच्या वाळल्या धसकटांवर त्याची नजर होती. तिने त्याची मांस-बटाटा भरलेली पेस्टी आणि चहा तिथेच आणून दिला, स्वतःही शेजारी खडीवर बसली.

संध्याकाळी नीलचा फोन आला. तो हार्टलीने उचलला.

"झाला दांडा. नाही, मी नाही, डॅनीने केला." मग तो म्हणाला, "तू आलास की बाकीच्या दांड्यांनाही भोकं पाडायची आहेत. कशी ते ती सांगेल."