मला मूळ नाही, मूठ आहे

मी एक जुनं शेवाळ आहे. आधीच नाक मुरडू नका, मित्रांनो. विहिरीच्या पायरीवर हिरवं हिरवं पसरतं आणि म्हाताऱ्यांचे पाय घसरवतं, ते वेगळं. त्याच्याशी माझं नातं लावलंत तर आपलं जमणार नाही. मी खाडीतला. रंग चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी, अंगावर मटारच्या दाण्याएवढे हवेचे फुगे. पोरं ते बोटांनी फोडतात, फट् फट्. फोडा बापडे. पुन्हा येतात.

शिवडीच्या खाडीत एका काळ्या दगडावर माझा जन्म झाला. तिथलं पाणी मचूळ. नाल्यांचं गोडं पाणी शहराकडून येतं, खारं समुद्राकडून येतं, आणि दोघांची तिथं गाठ पडते. बाहेरच्या समुद्रातलं शेवाळ मला म्हणायचं, "हा गोडा." काठावरचं गवत म्हणायचं, "हा खारट." मी म्हटलं, जा रे! गिरणगावात तरी दुसरं काय होतं? कोण घाटावरनं आलं, कोण कोकणातनं आलं, एकाच नळावर भांडले आणि एकाच चाळीत राहिले. मचूळ पाण्यात जो टिकला तो कुठेही टिकतो.

आणि मी टिकतो कसा, ते ऐका. झाडाला मूळ असतं. मला मूळ नाही, मूठ आहे. बुडाशी एक चिवट गोळा असतो, तो दगडाला आवळून बसतो. लाटांनी कितीही कानफटात मारल्या तरी मूठ सुटत नाही. पण त्याचं कुणाला कौतुक? कोळी मला जाळ्यातून ओढून काढायचे आणि शिव्या घालत फेकायचे. "काय कामाचा नाय हा कचरा!" हेच माझं बारसं.

माझी किंमत एकटीला कळली होती, सुंदराबाई कोळणीला. चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, पाटीवर ती मला ओला ओला पांघरायची. माझ्याखाली चिंबोऱ्या गार राहायच्या, बाजारापर्यंत जिवंत जायच्या. एकदा तिच्या सुनेनं मला मुठीसकट उपटायला हात घातला, तशी म्हातारी खेकसली, "उपटू नको गो! वरचा वरचा काप. मूठ दगडावर राहू दे. मूठ राहिली तर तो परत येतो."

त्या दिवशी माझा वरचा भाग पाटीत बसून लालबागला गेला. मूठ दगडावरच राहिली.

तेव्हा मुंबईत संयुक्त महाराष्ट्राचं वारं नव्हे, वादळ होतं. गिरणीचा भोंगा झाला की माणसं घराकडे जायच्या आधी सभेकडे वळायची. सुंदराबाईनं पाटी उतरवली ती चंपाच्या दारात. चंपा मूळची मालवणकडची, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात कामाला. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. रविवारी गिरणीमागच्या मैदानात बायकांची सभा भरवायची, आणि भाषण आपण करायचं.

तिचा नवरा गुणाजी चाळीच्या कमिटीत होता. तो हसला.

"भाषण? तू? आधी मैदान तर भर. बायका जमल्या तर तू बोल. नाय जमल्या तर कमिटीतलो आमचो भिवा बोलतलो, तू गप ऐक."

"आणि जमल्या तर?"

"तर महिनाभर चूल मी पेटवतंय."

"चुलीची शपथ घ्या," चंपा म्हणाली. "तुमची दुसरी कसली खरी नसते."

बायका जमायला त्यांना आधी कळायला तर हवं. शेजारच्या चाळीतली रमाबाई रात्रीच्या वर्गात शिकलेली, तिचं अक्षर मोठं आणि ताठ. तिनं जुन्या वर्तमानपत्रांवर लाल ऑइल पेंटनं लिहिलं: 'बायांनो, रविवारी मैदानात या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' चंपानं कणकेची खळ शिजवली आणि दोघींनी रस्त्याकडच्या भिंतीवर कागद लावले.

सकाळी बघतात तर भिंत साफ. वरचे कागद कुशाबा हवालदारानं पाणी मारून पत्र्यानं खरवडले, कारण वरून हुकूम होता. खालचे कागद तात्या गवळ्याच्या गाईनं खाल्ले, कारण कणीक गोड लागते. पुन्हा लावले, पुन्हा तेच. कुशाबा साताऱ्याकडचा. बादली हातात धरून तो चंपाला म्हणाला, "बाई, माझा राग करू नगा. गाईला बघा, तिला कुनाचा हुकूम हाय? तिला तुमचा संयुक्त महाराष्ट्र लई आवडतोय."

"तिला आवडतो, तुम्हाला पचत नाय!" चंपा म्हणाली आणि तरातरा घरात आली.

घरात कणीक संपलेली. कागद थोडेच उरलेले. गुणाजी बाकड्यावर बसून भिवाच्या भाषणाला टाळ्या कुठं पडतील ते मोजत होता. चंपाचं डोकं सटकलं. स्टोव्हवर धुण्याचा डबा उकळत होता, त्यात सोडा टाकलेला. ती दिसेल तो कपडा उचलून आत भिरकवायला लागली. सदरा गेला, लेंगा गेला. आणि चिंबोऱ्यांबरोबर येऊन मोरीत पडलेला मी, ओला, तपकिरी, मळकट... गेलो मी पण! तिला वाटलं ती गुणाजीची गंजी आहे.

मित्रांनो, माझा अपमान झाला असं मला वाटायला हवं होतं. पण गुणाजीची गंजी मी बघितली होती. रंग खरंच तोच होता.

उकळत्या सोड्यात मी विरघळलो. दुखलं का? अंग सैल झालं, एवढंच आठवतं. चंपानं काठीनं ढवळलं तर काठीला तारा सुटल्या.

"ही काय भानगड?" गुणाजी डब्यात डोकावला. "कपडे धुतंस की खीर करतंस? माझो सदरो शेंबडो केलंस!"

"शेंबडा? घ्या तुमचा सदरा!"

तिनं तो बुळबुळीत सदरा काठीनंच उचलून फेकला. गुणाजी खाली वाकला. सदरा त्याच्या डोक्यावरून गेला आणि गॅलरीच्या भिंतीवर थाप्पकन बसला, दोन्ही हात पसरून. ती भिंत दिवाळीला नुकतीच चुन्यानं रंगवलेली. आता ऐका, मला चुना भेटला की काय होतं ते. अंगात दगडाची आठवण जागी होते. मी मूठ आवळतो.

दुसऱ्या दिवशी सदरा वाळून तसाच भिंतीवर. गुणाजीनं ओढला. पाणी मारून ओढला. पाय भिंतीला लावून ओढला तेव्हा सुटला, पण एकटा नाही, चुन्याचा पोपडा घेऊन सुटला. चाळीतली पोरं टाळ्या पिटायला लागली. तेवढ्यात रमाबाई आली. तिनं सदरा बघितला, भिंत बघितली, चंपाकडे बघितलं.

"चंपे," ती हळूच म्हणाली, "त्या डब्यातलं फेकलंस की आहे?"

"आहे गो!"

दोघी एकदम हसल्या. चंपानं सुंदराबाईला हाक मारली, "मावशी, चिंबोऱ्या नको, नुसतं शेवाळ आण! पाटीभर!"

म्हातारीनं आणलं. मूठ दगडावर ठेवूनच आणलं. भर दुपारी, गिरणीची पाळी सुटायच्या वेळेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोघींनी मला सोड्यात उकळून रस्त्याकडच्या चुन्याच्या भिंतीवर फासलं आणि उरलेले कागद लावले.

सगळ्यात आधी गाय आली. तिनं चाटलं, सोडा लागला जिभेला, आणि तोंड असं केलं की बघत राहावं. तात्या गवळ्याकडे रागानं बघत निघून गेली. मग कुशाबा आला. पाणी मारलं. पत्रा घासला. पुन्हा पाणी, पुन्हा पत्रा. टोपी काढून घाम पुसला. खाली बायकांचा घोळका जमला. जो कागद निघत नाही तो वाचायला कोण थांबणार नाही?

"निघंना की ओ बाई. काय लावलंय?"

"शेवाळ."

"शेवाळावर तर पाय घसरतोय!"

"पाय घसरतो, कागद नाय."

मागून त्याचा साहेब आला, कडक कपड्यांतला. "हवालदार, काय चाललंय? एक कागद निघत नाही?"

कुशाबानं सलाम ठोकला. चेहरा एकदम गंभीर. "न्हाय सायेब. लई सांगून बघितलं. कागद म्हनतोय, झालाच पायजे."

गॅलऱ्या हसल्या, जिने हसले, रस्ता हसला. साहेबानं भिंतीकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत भरलेल्या गॅलऱ्यांकडे बघितलं आणि पाठ फिरवली. कुशाबानं बादली उलटी केली, तिच्यावर बसला आणि पहिल्यांदा तो कागद नीट वाचला.

रविवारी मैदान भरलं. मला कसं ठाऊक? चंपाच्या नखांत मी होतोच की. वाइंडिंग खात्यातल्या बायका आल्या, रमाबाईच्या चाळीतल्या निळ्या पदरांच्या बायका आल्या, सुंदराबाई शिवडीच्या कोळणी घेऊन आली. जागा पुरेना म्हणून बायका कठड्यावर बसल्या. चंपा टेबलावर चढली. मग तिनं मूठ आवळली.

"बायांनो!" ती ओरडली. "ज्या भिंतीवरचा आमचा कागद ह्यांना निघत नाय, त्या भिंतीमागची माणसं ह्यांना काय निघणार?"

बस्स. पुढचं भाषण कुणाला ऐकूच आलं नाही. एवढ्या मुठी वर गेल्या. भिवा टाळ्या वाजवत होता. आणि अगदी मागं, तोच सदरा घालून, कॉलर पत्र्यासारखी ताठ, गुणाजी सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता, "झालाच पाहिजे!" त्या संध्याकाळी चिंबोऱ्यांचं कालवण त्यानं केलं. मीठ जास्त पडलं. चंपानं बोटं चाटून खाल्लं.

आणि झाला, मित्रांनो! काही वर्षं गेली, बरीच माणसं गेली, पण झाला. साठ सालच्या मे महिन्यात लालबागच्या गॅलऱ्या दिव्यांनी फुलल्या. रमाबाई आणि चंपानं एक पणती नेऊन त्या भिंतीपाशी ठेवली. कागद तिथंच होता. दर दिवाळीला रंगारी येतो, खरवडून बघतो, दमतो आणि वरून चुना मारून जातो. चुना ओला असला की आतली लाल अक्षरं अजून गुलाबी दिसतात.

म्हणून सांगतो. खाडीवर गेलात तर तिच्यात घाण लोटू नका, माझी मूठ अजून त्या दगडावर आहे. काही हवं असेल तर घ्या, मी कुठं नाही म्हणतो? पण सुंदराबाईसारखं वरचं वरचं घ्या. आणि लालबागच्या एखाद्या जुन्या भिंतीवर चुन्याखाली फुगवटा दिसला तर नखानं उकरू नका, नुसता तळहात ठेवा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, ती मीच.