मुंजाबाचा अर्धा गुण

मुंजाबा बाभळीवरून पडला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्र्याऐंशी सालची गोष्ट. वैजापूर तालुक्यातल्या माळावर बाप, कारभारी, मेंढरं राखायचा आणि मुंजाबा झाडावर चढून आकडीनं शेंगा अन् पाला पाडायचा. आकडी म्हणजे लांब बांबू, टोकाला विळ्यासारखं वाकडं पातं. "फांदी तुटली नाय, मीच तुटलो," असं तो पुढं हसत सांगायचा आणि ऐकणाऱ्याची पंचाईत करायचा. मान मोडली. पाय गेले, बोटांतली पकड गेली. खांदे राहिले, कोपर वाकवता येई, मनगट उचलता येई. वाकलेलं कोपर सरळ करायचं बळ मात्र गेलं ते गेलंच.

बाप तेव्हाच बिरोबाला नवस बोलला: पोराचा हात वर गेला की बकरा देईन. एक बकरा देवाच्या नावानं सोडला. तो म्हातारा होऊन मेला, मग दुसरा सोडला. दहा वर्षं झाली, दुसराही आता म्हातारपणाला आला होता. हात काही वर जात नव्हता.

मुंजाबा मात्र माळावर पडून राहिला नाही. बहीण आक्काबाई मुकुंदवाडीत दिली होती, दाजी एमआयडीसीत कामाला. बहिणीनं त्याला शहरात आणलं. पुढं अपंगांच्या कोट्यातून एक एसटीडीचा बूथ मिळाला. हाताला पट्ट्यानं पेन्सिल बांधून तो फोनची बटणं दाबायचा, आणि दुबईला बोलणाऱ्या बायांचे निरोप त्यांच्याआधी पाठ करायचा. माणूस तसा खुशालचेंडू. फक्त एका गोष्टीला दुखरा होता: कुणी "बिचारा" म्हटलं की त्याचं टाळकं सणकायचं.

खेळात तो कसा आला, ते काकासाहेबांमुळं. काकासाहेब म्हणजे चिकलठाण्याच्या एका कंपनीत टूलरूमचे फोरमन. आवाज पत्र्यावर हातोडा मारल्यासारखा. कंपनीनं त्यांना सहा महिने कॅनडात ट्रेनिंगला धाडलं होतं. तिथं त्यांनी चाकाच्या खुर्च्यांवरचं रग्बी पाहिलं. मान मोडलेली माणसं एकमेकांवर खुर्च्या धाडधाड आदळत होती आणि हसत होती. काकासाहेबांचा धाकटा भाऊ बद्रीनाथ तेव्हा दोन वर्षं घरात भिंतीकडं तोंड करून पडलेला, जालना रोडवर मोटारसायकल घसरून. घरी ऐंशी एकर जमीन, पण भिंतीपलीकडं काही बघायला तयार नाही. काकासाहेब परत आले ते खेळाच्या नियमांचे चार कागद आणि खुर्चीची चित्रं घेऊन. भंगारातले पाइप, वेल्डिंगवाल्यांच्या जेवणाच्या सुट्ट्या आणि फोरमनच्या शिव्या, यातून पाच खुर्च्या उभ्या राहिल्या.

पाच खुर्च्यांवर पाच जण. बद्रीनाथ. मोतीराम, वाळूजला नव्या शेडचे पत्रे बसवताना खाली आलेला. पुंजाराम, विहिरीवरून पडलेला. मुंजाबा. आणि कचरू. कचरू अठ्ठ्याहत्तरच्या नामांतराच्या दंगलीतला. विधानसभेत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पेटलेल्या घराचं छप्पर उपसायला वर चढला आणि छपरासकट खाली आला. हे त्यानं एकदाच सांगितलं, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही.

मोर्चा असला की कचरू सरावाला दांडी मारायचा. बद्रीनाथच्या घरात नामांतराचं नाव काढायची सोय नव्हती. दोघं एका बाजूनं खेळायचे आणि खेळताना जेवढं लागेल तेवढंच बोलायचे. "बॉल!" "दिला!" यापलीकडं संवाद नाही. पण कचरूनं फेकलेला बॉल बद्रीनाथच्या मांडीवर न चुकता पडायचा, हेही खरं. मैदानावर माणसाला फार वेळ शत्रू ठेवता येत नाही.

खेळ समजायला सोपा. मांडीवर बॉल घेऊन समोरची रेघ ओलांडायची, बाकीच्यांनी आपल्या खुर्च्यांनी वाट अडवायची. हातमोजे चामड्याचे, त्यांवर सायकलच्या ट्यूबचे तुकडे पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवलेले. मुंजाबाच्या खुर्चीला पुढं लोखंडी वाकडा दांडा होता, समोरच्याच्या चाकात अडकवायला. तो त्याला आकडीच म्हणायचा. त्याला पळता येत नव्हतं, फेकता येत नव्हतं. पण कळपातलं कुठलं मेंढरू कुठल्या फटीतून निसटणार, हे त्याला लहानपणापासून कळायचं आणि समोरची खुर्ची कुठून निसटणार तेही कळायचं. तिथं तो आधीच जाऊन उभा असायचा. एकदा आकडी अडकली की काकासाहेब ओरडेपर्यंत सुटायची नाही.

आता या खेळाचा एक नियम सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. प्रत्येक खेळाडूला डॉक्टर तपासून गुण देतो. अंगात बळ जास्त तर गुण जास्त: अर्ध्यापासून साडेतीनपर्यंत. आणि मैदानातल्या चौघांची बेरीज आठाच्या वर जाता कामा नये. म्हणजे नुसते तगडे गोळा करून चालत नाही, दुबळा लागतोच. बद्रीनाथ आणि कचरू तीन-तीनचे, मोतीराम दीडचा. राहिला अर्धा, आणि तो अर्धा म्हणजे मुंजाबा. पुंजाराम दोनचा, राखीव. काकासाहेब सगळ्यांदेखत सांगायचे, "या टीमचा खांब कोण असेल तर मुंजाबाचा अर्धा गुण."

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत पुण्याची टीम यायची ठरली. पहिलाच खरा सामना. पाचही जण वर्षभर त्याच्यावर जगत होते. त्याच महिन्यात चौदा तारखेला विद्यापीठाचं नाव बदललं. सोळा वर्षं भांडून, माणसं गमावून मिळालेलं नाव. शहरात चौकाचौकांत पोलीस उभे होते. कचरू दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी आला तो डोक्यात गुलाल घेऊन. बद्रीनाथनं त्याच्याकडं पाहिलं, मोजे चढवले आणि म्हणाला, "चल, सुरू करू." त्याच्या तोंडून त्या दिवशी एवढंच निघणं पुष्कळ होतं.

सामना रविवारी. पुण्याच्या डॉक्टरीणबाई शनिवारी सकाळीच आल्या, गुण द्यायला. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये टेबलं जोडून तपासणी ठेवली. आणि नेमका त्याच सकाळी कारभारी गावाहून आला. पागोटं, घोंगडं, कनवटीला भंडाऱ्याची पुडी. पोराचा खेळ बघायचा म्हणून मेंढरं चुलतभावावर टाकून आला होता. दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मुंजा, हात कसा हाय रे?"

दहा वर्षं दर भेटीत पहिला प्रश्न हाच. मुंजाबानं दर वेळी उडवून लावला होता.

बाईंनी त्याला पाठीवर निजवलं. दंड सरळ वर धरला आणि म्हणाल्या, "आता कोपर सरळ करून हात छताकडं ताणा. मी सोडते."

इथं मुंजाबानं काय करायचं होतं, ते मोतीरामच्या पोरालाही ठाऊक होतं. काही करायचं नव्हतं. हात आपसूक तोंडावर पडला असता, बाईंनी अर्धा लिहिला असता आणि चहा आला असता. पण दारात बाप उभा होता, मान पुढं काढून. मुंजाबाला एक युक्ती अवगत होती. खुर्चीतून अंग उचलायला तो ती रोज वापरायचा: खांद्याला झटका द्यायचा, तळवा बाहेर फिरवायचा, की कोपर कुलूप लागल्यासारखं अडकतं आणि हात ताठ राहतो. बळ नसताना बळ दिसतं. त्यानं दात खाल्ले आणि झटका दिला.

हात छताकडं ताठ उभा राहिला. बाईंनी थोडं दाबून पाहिलं, दुसरा हातही तसाच गेला, आणि त्यांनी दीड लिहिला.

कारभारी पुढं आला, पुडी सोडली आणि पोराच्या कपाळाला भंडारा लावला. बकऱ्याचं मात्र त्यानं नाव काढलं नाही. मुंजाबाला वाटलं, म्हाताऱ्याला आनंदानं सुचत नसेल. त्या वेळी मुंजाबा इतका खूश होता की तीन आणि तीन आणि दीड आणि दीड किती होतात, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

ते काकासाहेबांच्या डोक्यात आलं. नऊ होतात.

"हात दाखवून अवलक्षण!" ते कॅन्टीनभर गरजले. "अरे गाढवा, वर्षभर काय घोकत होतो आपण?" मग खुर्चीवर बसले आणि कागदावर आकडे मांडू लागले. चौघं उतरवायचे तर आता एकच वाट: दोघा तीनवाल्यांपैकी एकानं बाहेर बसायचं आणि दोनवाल्या पुंजारामनं आत यायचं. तेव्हा कुठं आठ.

कोण बसणार, ते त्यांनी कागदावर दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. एकीकडं सख्खा भाऊ, ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं; दुसरीकडं कचरू. शेवटी कागदाकडं बघतच म्हणाले, "कचरू, उद्या तू बस. पुढच्या सामन्याला तुला आधी घेईन."

कचरूनं भांडण केलं नाही. मोजे काढले, एकात एक घातले. "साहेब, जागा एक कमी पडली की आमच्याच माणसाला उठवत्यात. त्याचं नवल नाय," तो म्हणाला. "पर बेरीज माझ्यामुळं बिघडली नव्हती, येवढं ध्यानात ठेवा."

बद्रीनाथ मान खाली घालून चाकाचे आरे मोजत होता. मुंजाबाला बोलायचं होतं आणि तोंड उघडेना, कारण बाप शेजारीच बसला होता, चहा बशीत ओतून. बोलावं तर बापाच्या देखत आपण लबाड ठरतो आणि तो भंडारा पुसला जातो. न बोलावं तर कचरू जातो. तो गप्प राहिला. मला त्याचा राग येतो, अजून येतो, पण अशा वेळी किती जण बोलले असते, ते आपलं आपण ठरवावं.

घरी बापानं आक्काबाईजवळ भाकरी-पिठलं मागून घेतलं, पोटभर जेवला आणि आडवा झाला. मुंजाबानं ताट परत केलं. त्यानं दुपारभर बूथ उघडला नाही.

रविवारी सकाळी मैदानात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. पुण्याचे आले होते, कामगार कठड्यावर बसले होते. कचरू अंगावर शाल घेऊन रेघेबाहेर थांबला होता. तो घरी बसला नाही, आला, हे मुंजाबाला सोसलं नाही. त्यानं खुर्ची वळवली आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलासमोर नेली.

"बाई, माझा हात परत तपासा."

"काल झालंय की."

"काल म्या लबाडी केली. माझ्यात तेवढं बळ नाय."

बाईंनी चष्मा काढला. "कमी गुण मिळावेत म्हणून आता दुसरी लबाडी नाही ना?"

"बगा की तुम्हीच. नीट धरून बगा."

बाकावर निजवलं. सगळे भोवती जमले. कारभारीही आला, उशाशी उभा राहिला. या वेळी बाईंनी त्याचा खांदा तळहातानं पक्का दाबून ठेवला, तळवा फिरू दिला नाही, आणि हात सोडला.

हात पडला. सरळ नाकावर. मुंजाबाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि एका नाकपुडीतून रक्ताचा ओघळ. दुसरा हातही तसाच पडला. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "काल एवढ्या सफाईनं केलंत की मीही फसले," आणि दीड खोडून अर्धा लिहिला.

कारभारीनं पागोट्याच्या शेवानं पोराचं नाक पुसलं.

"आबा," मुंजाबा म्हणाला, "तुमाला बी फसवलं म्या. हात काय बरा झाला नाय."

"मला कसा काय फसवशील?" कारभारी नाक पुसतच म्हणाला. "बाजारात लंगडं मेंढरू कसं उभं करत्यात, म्हंजी गिऱ्हाइकाला लंगडं दिसत नाय, ते मला ठाव नाय व्हय? जल्म त्यातच गेला. काल तू खांदा हिसडला तव्हाच कळलं."

"मग भंडारा लावला ते?"

"हात वर गेला व्हता की. कसा बी का जाईना." म्हाताऱ्यानं पागोट्याचा शेव परत खोचला. "दहा सालांनी दिसला. बगाया लई बरं वाटलं."

मुंजाबाला रडू आवरलं नाही, आणि त्यानं ते आवरलंही नाही. कुणी बिचारा म्हणेल याची त्याला त्या वेळी फिकीर नव्हती.

काकासाहेब खालच्या आवाजात म्हणाले, "कचरू, मोजे घाल." कचरू बसूनच होता. तेव्हा बद्रीनाथ आपली खुर्ची त्याच्यापर्यंत घेऊन गेला, त्याच्या अंगावरची शाल दातांनी ओढून बाजूला टाकली आणि म्हणाला, "चल. मला बॉल कोण देणार?" खेळ चालू नसताना तो कचरूशी आपणहून बोलला तो हा दुसऱ्यांदा, आणि तेही खेळाबद्दलच.

सामना ते हरले. एकवीस-सोळा. पुण्याचे मुरलेले होते. पण त्यांचा सगळ्यात चपळ गडी उत्तरार्धात तीन वेळा आकडीत अडकला आणि तिन्ही वेळा कचरू रेघेपार गेला. कठड्यावरचे कामगार ओरडत होते. त्यांच्यात एक आवाज वेगळा होता, मेंढरं हाकतानाचा, "हुर्र्यो, मुंजा, डावीकडून निसटतंय!" आणि खरंच डावीकडून निसटत होतं.

संध्याकाळच्या एसटीला बसवायला मुंजाबा स्टँडपर्यंत गेला. कारभारी खिडकीशी बसला. गाडी निघायच्या आधी मुंजाबानं विचारलं, "आबा, त्या बकऱ्याचं काय करायचं आता? म्हातारं झालंय ते."

"ऱ्हाऊ दे आणखी एक साल," कारभारी म्हणाला. "चरतंय, आपलं काय खातंय ते?"