सूनबाईंच्या लॅपटॉपची गवसणी

गवसणीवाल्यांचा हवेवर राग होता. आयुष्यभर त्यांनी व्हायोलिन, मँडोलिन, गिटार, अकॉर्डियन असल्या वाद्यांना गवसण्या शिवल्या आणि त्यातून एकच निष्कर्ष काढला होता. वाद्य वाजवल्यानं बिघडत नाही, आपटल्यानंही फारसं बिघडत नाही, ते बिघडतं हवेनं. दमट हवा लाकूड फुगवते, कोरडी हवा तडकवते आणि मधली हवा या दोन्हींपैकी काय करावं याचा विचार करत बसलेली असते. म्हणून त्यांच्या गवसणीत हवेला मज्जाव होता. झाकण लावताना आतली हवा 'फुस्स' करून बाहेर पडायची, आणि तो आवाज ऐकवल्याशिवाय ते गिऱ्हाइकाला दुकानातून हलू देत नसत.

गुडघे कुरकुरायला लागले तसे दुकान बंद करून ते घरी बसले. बसले म्हणजे काय, घरातल्या वस्तूंच्या हात धुऊन मागे लागले. मिक्सरला गवसणी झाली, इस्त्रीला झाली, भिंतीवरच्या घड्याळाला झाली. बायकोच्या चष्म्याला घर होतंच, तर त्या घराला त्यांनी गवसणी शिवली. तेव्हापासून बायकोला वर्तमानपत्र वाचायचं असलं की आधी बटणं, मग बंद, मग झाकण असं करत चष्म्यापर्यंत पोचेस्तोवर तिची वाचायची हौस फिटायची. "मला तेवढं शिवू नका," असं तिनं एकदा बजावलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

अशा या घरात सून आली. एका फर्निचरच्या कंपनीसाठी ती घरी बसून स्वयंपाकघरं आखायची. लॅपटॉपवर ओटा, कपाटं, खिडकी सगळं उभं करायचं आणि गिऱ्हाइकाला ते गरागरा फिरवून दाखवायचं, असं ते काम. नोकरी नवी होती आणि अजून कच्ची होती. कंपनीतल्या मॅडमना काम पसंत पडलं तरच पक्की होणार होती. सासूशी तिचं छान जमलं. सासऱ्यांशी मात्र "चहा ठेवू का?" आणि "ठेव" यापलीकडे गाडी जात नव्हती. दोघंही भिडस्त. जेवताना एकानं मीठ पुढे सरकवायचं, दुसऱ्यानं मान हलवायची, की झालं त्यांचं बोलणं.

खरं तर गवसणीवाल्यांना सून मनापासून आवडायची, पण ते सांगायचं कसं हा प्रश्न होता. त्यांना कुणाला काही सांगायचं असलं की ते शिवूनच सांगता यायचं. आणि एके दिवशी त्यांना सुनेचा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडाबोडका पडलेला दिसला.

ती आंघोळीला गेलेली पाहून त्यांनी मापं घेतली. लॅपटॉप उलटा केला तर खाली बारीक बारीक फटींची एक रांग दिसली, मागच्या कडेला आणखी एक. कारखान्यात घाईगर्दीत राहून गेल्या असणार, असं म्हणून ते हळहळले. आठवडाभर ते खोलीचं दार लावून बसले. बाहेर आले ते तपकिरी कातड्याची, आत जाड लोकरी नमदा आणि स्पंज घातलेली गवसणी घेऊन. पडद्यापुरती आणि बटणांपुरती खिडकी ठेवलेली, बाकी सगळं बंद. काम करतानासुद्धा काढायची गरज नाही. कडेनं आकड्यांची अशी घट्ट रांग, की काढायची म्हटली तरी कुणाची छाती व्हायला नको. त्या फटींवर तर त्यांनी नमद्याची दुहेरी घडी मारली होती.

सुनेनं गवसणीवरून हात फिरवला. "बाबा, तुम्ही हे माझ्यासाठी केलंत?" ती म्हणाली. तोवर ती त्यांना कोणतीच हाक न मारता वेळ निभावून नेत होती. गवसणीवाले "हूं" म्हणाले आणि उगाचच गॅलरीत जाऊन कुंड्या मोजत उभे राहिले. त्या दिवशी त्यांना जेवणही दोन घास जास्त गेलं.

पुढचे काही दिवस लॅपटॉप गायला लागला. आधी घुमायचा, मग सूर चढत चढत जायचा आणि वर जाऊन थरथरायचा. गवसणीवाल्यांना यात काहीच वावगं वाटलं नाही. चांगल्या गवसणीत वाद्याचा आवाज खुलतोच, असं त्यांनी बायकोला समजावलं. सुनेचं मात्र तोंडचं पाणी पळालं होतं. स्वयंपाकघर फिरायचं ते अर्ध्यात अडकायचं, मॅडमशी बोलताना तिचाच चेहरा तोंड उघडं ठेवून गोठायचा. तिनं टेबलफॅन आणून लॅपटॉपवर रोखला. गवसणीवाल्यांनी तो येता-जाता बंद केला, आणि जोडीला खिडकीही लावून घेतली. सुनेला हवेचं वेड आहे, हे त्यांनी समजुतीनं घ्यायचं ठरवलं.

मग गवसणी आवळायला लागली. शिवण ताणली गेली, आकडे कुरकुरू लागले. कातडं आकसलं, हे त्यांनी एका नजरेत ओळखलं. लॅपटॉपसुद्धा फुगू शकतो हे त्यांच्या डोक्यात यायचं काही कारणच नव्हतं. त्यांनी शिवण उसवून दोन बोटं सैल केली. काही दिवसांनी पुन्हा आवळली, तेव्हा बाजूला एक पट्टी जोडून दिली. "कातडं असतंच हट्टी," ते म्हणाले. सून म्हणाली, "हो बाबा." एवढंच म्हणाली.

तो दिवस उजाडला. मॅडम आणि एक बडं गिऱ्हाईक सकाळी काम बघणार होते आणि त्यावर नोकरी पक्की व्हायची की नाही ते ठरणार होतं. मुलगा कामावर गेला होता. सासूनं टीव्हीचा आवाज बंद केला. गवसणीवाले दाराआड खुर्ची टाकून बसले, कारण आज आपल्या गवसणीचीही परीक्षा आहे असं त्यांचं मत होतं. लॅपटॉपचा सूर चढला, आणखी चढला आणि एकदम थांबला. सगळं शांत.

"बघ, कसं निवांत चाललंय," ते बायकोला म्हणाले.

तेवढ्यात सून बाहेर आली. चेहरा पांढराफटक. लॅपटॉप बंद पडला होता आणि काही केल्या सुरू होत नव्हता. तिनं मोबाईलवरून मॅडमची माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, "गिऱ्हाईक दुपारपर्यंतच आहे. दुपारी दाखवता आलं तर दाखव, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

दुरुस्तीचं दुकान चांगलं वीस मिनिटांच्या वाटेवर होतं. लॅपटॉप मीच धरतो, असा हट्ट करून गवसणीवाले सोबत निघाले. दुरुस्तीवाली बाई कपाळावर दिवा बांधून बसली होती. तिनं लॅपटॉप हातात घेतला आणि झटकन टेबलावर ठेवला.

"अहो, हा तर भाजतोय. आणि हे काय घातलंय त्याला? कुणी शिवलं?"

गवसणीवाल्यांची छाती आपोआप पुढे आली. ते तोंड उघडणार, तोच सून म्हणाली, "बाजारातून आणलंय मी."

गवसणीवाले तोंड उघडंच ठेवून तिच्याकडे बघत राहिले. अशी शिवण बाजारात मिळते म्हणे! राग त्यांच्या नाकापर्यंत आला होता. पण दुरुस्तीवाली एकेक आकडा काढता काढता बोलत होती, तिकडे त्यांचा कान गेला.

"ज्यानं कुणी केलंय त्याचं काम बघा, एक टाका वाकडा नाही. पण त्या शहाण्यानं वारा घ्यायची जागाच बुजवली. या फटींमधून हा आतली गरम हवा बाहेर टाकतो. त्या बंद केल्यात, वर रजई पांघरलीत. मग हा करणार काय? आतल्या आत शिजला." तिनं तळाचं झाकण उघडलं. आतली बॅटरी पोट फुगल्यासारखी टम्म झाली होती. "यानं वेळेवर बंद पडून उपकार केलेत. पेटली असती म्हणजे?"

गवसणीवाल्यांनी त्या फुगलेल्या बॅटरीकडे पाहिलं. कातडं आकसलं नव्हतं. त्यांचं कातडं कधीच आकसलं नव्हतं.

"आणि ताई," दुरुस्तीवाली सुनेला म्हणाली, "मागे फोनवर विचारलंत तेव्हा बजावलं होतं ना मी, की वरचं पांघरूण आजच्या आज काढा म्हणून? काढलं का नाहीत?"

सून टेबलावरचा एक स्क्रू बोटानं फिरवत राहिली.

गवसणीवाल्यांना आधी समजलं नाही, मग समजलं. म्हणजे हिला माहीत होतं. माहीत असून ही पोर रोज आपल्या हातानं आपली नोकरी शिजवत बसली होती, का, तर म्हाताऱ्याला वाईट वाटू नये. आयुष्यात त्यांच्या गवसणीनं एका तारेलाही इजा केली नव्हती. ही पहिलीच, आणि तीही घरच्या माणसाला.

"तो शहाणा मी," ते म्हणाले. "मी शिवलंय."

दुरुस्तीवालीनं जीभ चावली. सून घाईघाईनं म्हणाली, "बाबा, तसं नाही, मीच तो गादीवर ठेवून काम करायचे..."

"गप," गवसणीवाले म्हणाले. सुनेवर ते पहिल्यांदाच ओरडले होते. "खोटं बोलतेस ते बोलतेस, वर धड बोलताही येत नाही. इथे नोकरी हातची चाललीय तुझी. बाई, हा दुपारपर्यंत चालू होईल का तेवढं सांगा."

दुरुस्तीवालीनं बॅटरी काढून बाजूला केली, आतला पंखा झटकला आणि यंत्र नुसत्या चार्जरवर लावलं. बराच वेळ काहीच झालं नाही, मग पडदा उजळला आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. घरी जाण्याइतका वेळ उरला नव्हता. म्हणून तिथेच, स्क्रू आणि वायरींच्या पसाऱ्यात, दोन डब्यांवर लॅपटॉप टेकवून सुनेनं मॅडमना फोन लावला. तळाचं झाकण उघडं होतं. दुकानातला टेबलफॅन त्या टेबलापर्यंत पोचत नव्हता, तर गवसणीवाल्यांनी तो उचलला आणि दोन्ही हातांत धरून उभे राहिले. गुडघे बोंबलत होते. स्वयंपाकघर पडद्यावर गरागरा फिरलं, कपाटं उघडली, मिटली, कुठेही अडकलं नाही. गिऱ्हाइकानं खिडकी मोठी करायला सांगितली, ती मोठी झाली.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यापासून तुला पक्कं करते. पण तुझे केस एवढे का उडतायत?"

"इथे हवा छान आहे," सून म्हणाली.

दोघं घरी परतायला निघाले. गवसणी गवसणीवाल्यांच्या काखेत होती. अर्ध्या वाटेत त्यांच्याच्यानं राहवेना.

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही दिवसातून दहादा येऊन गवसणीवरून हात फिरवून जायचात," ती म्हणाली. "माझ्या माहेरी माझ्यासाठी कुणी काही बनवल्याचं मला आठवत नाही. मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही पुन्हा काही करणार नाही."

गवसणीवाल्यांनी ओझं या काखेतून त्या काखेत घेतलं.

"करीन की. पण एका अटीवर. माझं काही चुकलं, टोचलं, नावडलं, तर तोंडावर सांगायचं. लगेच."

"लगेच?"

"आत्तापासून."

सून चार पावलं चालली आणि थांबली.

"बाबा, तो रंग मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही."

"बरं."

"तुम्ही चहात साखर फार घालायला लावता. सकाळी घशाचा जो आवाज काढता, त्यानं मी दचकून उठते. आणि मला स्वयंपाकघरं आखता येतात, तरी आपल्या स्वयंपाकघराबद्दल तुम्ही मला कधी काही विचारलं नाहीत. आपला ओटा चुकीच्या भिंतीला आहे."

गवसणीवाले रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. तो ओटा त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि कडेचा बाक दाखवला.

"गुडघे दुखतायत माझे, बसून बोलू," ते म्हणाले. "कुठल्या भिंतीला हवा होता?"