चादरीचं दुसरं टोक

“तुला काढलेलं नाही. तुझी जागाच उरलेली नाही,” इस्त्रीसाहेब मला समजावून सांगत होते, आणि त्यांच्या पाठीमागच्या काचेतून मला माझी जागा स्पष्ट दिसत होती. तिथे एक अनोळखी मुलगी उभी होती आणि माझ्या चादरीचे कोपरे धरत होती.

बाळंतपणाची रजा संपवून त्या सकाळी मी पहिल्यांदाच कामावर आले होते. हॉटेलच्या तळघरातलं आमचं धुलाईखातं. साहेबांना आम्ही पाठीमागे इस्त्रीसाहेब म्हणायचो, कारण नळ फुटून गुडघाभर पाणी साचलं तरी त्यांच्या तोंडावर सुरकुती म्हणून पडायची नाही. त्या दिवशीही पडली नाही. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, तेव्हाच मी काय ते ओळखलं होतं. खालच्या माणसांना ते खुर्ची कधी देत नसत.

“मग ती कोण?” मी काचेकडे बोट दाखवलं.

“ती तासावरची आहे. तात्पुरती. घडीचं यंत्र आलंय ना आता. मोठ्या चादरींना एक बाई पुरते. दोघींत जुनी कोण, तर ताई. म्हणून ताई राहिली. तुझ्या बाळंतपणाचा याच्याशी काहीएक संबंध नाही.”

बाळंतपणाचं मी नावही काढलं नव्हतं.

काचेपलीकडे ताईने मला पाहिलं. आधी तिचा हात थोडा वर आला. मग तिने तो खाली घेतला आणि हातातल्या चादरीची किनार तपासायला लागली.

मोठी चादर दोघींनीच घडी करायची असते. इस्त्रीच्या रोलरमधून ती गरम बाहेर आली की ताई अलीकडचे दोन कोपरे धरायची आणि मनगटाला असा एक झटका द्यायची की पलीकडची किनार टेबलावरून तरंगत माझ्यापर्यंत यायची. मी ती न बघता झेलायची. मग दोघींनी समोरासमोर चालत यायचं, मी माझे कोपरे तिच्या हातात द्यायचे, वाकून खालची घडी उचलायची, मागे जायचं, पुन्हा यायचं. आमचं सगळं बोलणं या येण्याजाण्यात व्हायचं. जवळ आलं की एक वाक्य, लांब गेलं की त्याच्यावर विचार. मला दिवस गेलेत हे नवऱ्याच्याही आधी मी तिला सांगितलं होतं. तेव्हा ती चादर धरून तशीच उभी राहिली होती आणि मागे ढीग साचला होता.

घरी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो मालाची गाडी चालवतो, थकून येतो. “कशाला डोक्याला ताप? दुसरीकडे बघू,” म्हणाला. मी म्हटलं, मी तक्रार करणार. तो म्हणाला, “तुझी इच्छा.” हे दोन शब्द ऐकायला मोठे चांगले वाटतात. म्हणणारा माणूस पुढच्या क्षणी टीव्हीचा आवाज वाढवतो. सासूबाई बाळाला थोपटत होत्या. त्या एवढंच बोलल्या, “पोराला मी सांभाळीन. पण भांडायला निघालीस तर मध्येच माघारी येऊ नकोस. लोक जास्त हसतात.”

कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत तक्रार दिली. तिथल्या बाईने विचारलं, “तुमच्या बाजूने बोलणारं कोणी आहे?”

“आहेत की,” मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, आणि शोधायला निघाले.

धुलाईयंत्रावरचे काका म्हणाले, “त्या यंत्रांच्या आवाजात मला काय ऐकू येतं, बाई?” मी त्यांना ऐकलेलं नव्हे, पाहिलेलं सांगायला सांगत होते. इस्त्रीवरचा म्हणाला, “मी मान खाली घालून काम करणारा माणूस. मला टेबलापलीकडचं दिसत नाही.” एरवी कोणत्या मजल्यावरची कोण कोणाशी बोलते, याची बित्तंबातमी याच माणसाकडे असायची. सगळे मूग गिळून बसले होते. राहता राहिली ताई.

ती भावाच्या घरी राहत असे. दार तिनेच उघडलं, पण बाजूला झाली नाही. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले.

“ताई, तू फक्त खरं काय ते सांग. चादरीला दोघी लागतात, एवढंच.”

“मला यात ओढू नकोस.”

“ओढत नाही गं. पण निदान खोटं तरी बोलू नकोस.”

ती आत बघून हळू आवाजात म्हणाली, “तुझं बरंय. तुला नवरा आहे, घर आहे. मला काय आहे? पगार येतो म्हणून वहिनी जेवायला हाक मारते. दोघींतली एकच ठेवणार म्हणालेत ते. काय करू मी, सांग ना.”

आतून कोणीतरी विचारलं, “कोण आहे?” आणि ताई म्हणाली, “कोणी नाही.” मग तिने दार लावून घेतलं. मुलगा झाला की मुलगी, हेसुद्धा तिने विचारलं नाही. त्या दिवशी मी रस्त्याने रडत घरी आले. नोकरी गेली तेव्हा मला राग आला होता, रडू नव्हतं आलं.

अधिकारी प्रत्यक्ष बघायला आले, तेव्हा मलाही बोलावणं होतं. सर्दीने बेजार झालेला माणूस, सारखा रुमाल नाकाला. तासावरच्या मुलीला साहेबांनी त्या दिवशी सुट्टी दिली होती. यंत्र पुसूनबिसून मधोमध आणून ठेवलं होतं. ते टॉवेल आणि उशांचे अभ्रे भराभर घडी करायचं, अगदी बघत राहावं असं. मी टेबलाच्या टोकाला, माझ्या नेहमीच्या जागी, उभी होते. दुसरीकडे कुठे उभं राहायचं ते मला सुचलंच नव्हतं.

“आणि मोठ्या चादरी?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“त्या ताई एकट्याच करतात,” साहेब म्हणाले.

“खरं का, बाई?”

“हो,” ताई म्हणाली. “सवय आहे मला.”

“बघू. करून दाखवा.”

ताई रोलरकडे गेली. सगळ्यांत मोठी चादर नेमकी तेव्हाच बाहेर येत होती. तिने अलीकडचे कोपरे धरले, एक पाऊल मागे घेतलं आणि मनगटाला झटका दिला.

किनार टेबलावरून तरंगत आली. मला कळायच्या आत माझे हात वर गेले होते. मी झेलली. ताई चालत पुढे आली, मीही गेले. कोपरे दिले, वाकले, घडी उचलली, मागे गेले, पुन्हा आले. पावलाला पाऊल जुळत होतं. कोणी थांबवलं नाही. चादर हातभर झाली आणि शेवटचे कोपरे माझ्या हातातून घेताना ताई एकदम थबकली. काय झालं ते तिला तेव्हा कळलं असावं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

अधिकारी शिंकले. मग म्हणाले, “एकटीची सवय म्हणालात ना?”

ताईने घडी ढिगावर ठेवली आणि तिची किनार सरळ करत राहिली. इस्त्रीसाहेबांच्या कपाळावर मात्र मी पहिल्यांदा आठी पाहिली.

मला परत घ्यावं लागलं, त्याच जागेवर. तासावरच्या मुलीला येऊ नकोस म्हणून सांगितलं, त्याचं मला वाईट वाटलं. काका आता म्हणतात, “मला माहीतच होतं.” इस्त्रीवरचा तर ही हकिगत स्वतः लढल्यासारखी सांगतो. ताईची जागाही दोघी लागतात हे ठरल्यामुळे पक्की झाली. पण सगळ्यांदेखत खोटी पडलेली बाई म्हणून साहेब तिला येताजाता टोमणे मारतात, “काय, एकटीची सवय?” आणि बाकीचे हसतात. मी हसत नाही. पण त्याने काय होतं?

आम्ही पुन्हा जोडीने काम करतो. दिवसभर कितीदा तरी समोरासमोर येतो, बोटांना बोटं लागतात. ताई चादरीच्या किनारीकडे बघत असते. एकदा जवळ आल्यावर मी धीर करून विचारलं, “ताई, त्या दिवशी ती चादर सवयीने टाकलीस, की मुद्दाम?” ती मागे गेली. पुन्हा जवळ आली तेव्हा म्हणाली, “कोपरा नीट धर.” तिने मुद्दाम टाकली असेल, असं मी मनाशी धरून चालते. तसं नसेल तर मला ऐकायचंही नाही. घरी एकटी असताना मला कधी एवढं एकटं वाटत नाही, जेवढं त्या चादरीच्या दुसऱ्या टोकाला ताई असताना वाटतं.

परवा दुपारी काम करताकरता मला पान्हा फुटला. बाळाची दूध प्यायची वेळ टळली होती. कपड्यांवर पुढे ओल पसरली. माझे दोन्ही हात चादरीत अडकलेले. लाजेने कुठे तोंड लपवावं ते कळेना. ताईने ते पाहिलं. तिने माझ्या हातातले कोपरे घेतले, ती शेवटची घडी एकटीनेच कशीबशी घातली आणि चादर ढिगावर ठेवली. मग रोलरवरून नुकताच उतरलेला एक छोटा टॉवेल उचलला, चौपदरी केला आणि टेबलावर माझ्या बाजूला ठेवला. हातात नाही दिला.

“ताई,” मी म्हणाले.

तोवर ती आपला डबा घेऊन कोपऱ्यातल्या बाकाकडे गेली होती आणि माझ्याकडे पाठ करून बसली होती. मी भिंतीकडे तोंड करून टॉवेल आत घातला. तो अजून गरम होता. मग मीही माझा डबा उघडला आणि तिच्या पाठीकडे बघत जेवले.